चहा नको, पाणी नको

गेल्या नाताळात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पोरांनी गाण्यांची यादी काढली. अकरा गाणी. सहा इंग्रजी, चार हिंदी, एक मराठी. मराठी होतं तेही इंग्रजी चालीवर बसवलेलं. त्यातल्या दोन गाण्यांत बर्फ पडत होता. मी मंडळीच्या सेक्रेटरीला विचारलं, "बाबा, आपल्याकडं बर्फ कुठं पडतो? वाळूजला का चिकलठाण्याला?"

तो म्हणाला, "काका, फीलिंग असतं ते."

फीलिंग म्हणे. ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही आलं तर आलं, तिथं ही पोरं लाल टोप्या घालून बर्फाची गाणी म्हणतात. बर्फ म्हणजे पाणीच की. गाणं म्हटल्यावर खरंच पडलं असतं तर मीही टोपी घालून उभा राहिलो असतो.

मी चौथीपर्यंत शिकलोय. गोड लिहायचं मला जमत नाय, गोड बोलायचंही कधी जमलं नाय. घरात ते काम बायकोकडं होतं. ती त्याच सालच्या उन्हाळ्यात गेली. आठ दिवस ताप, मग दोन दिवस बोलणं बंद, मग संपलं. पंचावन्न वर्षांच्या संसारात दोन दिवस सलग ती गप बसली ती तेवढीच.

आमच्यात रीत अशी, की नाताळाच्या आधी गाणारी टोळी घरोघर जाते. आता तिला कॅरल पार्टी म्हणतात. दारात उभं राहून गाणी म्हणायची, घरच्यानं चहा द्यायचा, प्रार्थना करायची, पुढच्या घरी जायचं. एवढंच. पण माझ्या घरी टोळी आली की एक गाणं बायकोचं असायचं. ती उंबऱ्यावर उभी राहायची, मी मागं खुर्चीत ढोलकी घेऊन. पोरं त्याला 'काकूंचं गाणं' म्हणायची आणि नुसती ऐकायची. ते गाणं कुठल्या पुस्तकात नाय. तिनं स्वतः केलेलं. आणि ती गेल्यावर पहिल्या नाताळात ते माझ्या दारात व्हावं, एवढंच मला पाहिजे होतं. दुसरं काय मागितलं नव्हतं मी कुणाला. पुण्याहून पोराचा फोन येत होता, "दादा, इकडं या, एकटे काय करता तिथं?" मी म्हणालो, टोळी येणार आहे. दार बंद दिसलं तर काय म्हणतील?

आता गाणं कुठून आलं ते सांगतो, त्याशिवाय माझं डोकं का फिरलं ते कळायचं नाय.

आमचं गाव गंगापूर तालुक्यात. ख्रिस्ती घरं बारा. देऊळ, म्हणजे आमचं चर्च, पत्र्याची एक खोली. नाताळाच्या आधीचा आठवडाभर आम्ही दिवेलागणीला निघायचो. ढोलकी माझी, झांजा दोघांकडं, एक तुणतुणं, आणि मागं बायका. पण पहिलं गाणं ख्रिस्ती घरात नसायचं. पहिलं गाणं गावाच्या कडेला एका धनगराच्या घरी. तो काय आमच्या धर्माचा नव्हता, त्याचा देव वेगळा, त्याची जत्रा वेगळी. पण बाळ येशू जन्मला तेव्हा देवदूतानं पहिली खबर मेंढरं राखणाऱ्यांना दिली, हे आमच्या एका जुन्या पाळकानं, म्हणजे पाद्र्यानं, त्याच्या बापाला कधीतरी सांगितलेलं. तेव्हापासून तो मान त्यांचा. म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणायचे. आबा दरसाली आमच्यापुढं छाती काढून सांगायचा, "आधी आमच्याकडं सांगावा आला. तुमच्याकडं लई मागून." आणि शेळीच्या दुधाचा गूळ घातलेला चहा द्यायचा. तो पिल्याशिवाय टोळी पुढं हलायची नाय. अशी रीत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आम्ही सगळे सरकारी कामावर खडी फोडायला. विहिरीच्या तळाशी उतरून बायका वाटीवाटीनं पाणी भरायच्या. ज्यांच्याकडं पाण्याचा पिंप होता ते पिंपाला कुलूप लावायचे. सोन्याला लावत नसतील असं कुलूप. तरी नाताळ आला म्हणून आम्ही निघालो. खडी फोडून फुटलेल्या हाताला ढोलकी लागायची, पण निघालो.

आबाच्या घरी आलो तर दार बंद. वाड्यात मेंढरं नव्हती. पोरगा कळप घेऊन लांब पाण्याकडं गेलेला, अर्धी मेंढरं वाटेतच मेली होती. आम्ही एक गाणं म्हटलं. दार उघडेना.

मी म्हणालो, "चला पुढं. घरात कुणी नाय."

झांजवाला म्हणाला, "हायेत की. कुत्रं आत गुरगुरतंय."

"म्हणूनच म्हणतो चला. पंधरा माणसांचा चहा म्हणजे पंधरा कप पाणी. माणसाची अब्रू झाकली असंल तर झाकून राहू द्या."

मला वाटलं मी लई शहाणपणाचं बोललो. तेवढ्यात मागून टाळी सुरू झाली. बघतो तर माझी बायको. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, डोक्यावर पदर, सासू शेजारी उभी. तिचा आवाज गोड नव्हता हे मी आजही सांगतो. चार शेतं पलीकडच्या माणसाला हाक मारायचा आवाज तो. त्या आवाजात तिनं जागेवर उभ्या उभ्या गाणं केलं:

चहा नको, पाणी नको, दार तेवढं उघडा गं
गोठ्यामंदी राजा आला, त्याला कुठला घडा गं

बायका हसल्या आणि त्यांनी धरलं. मग दुसरं:

मरिया बसली वाटंवरी, घसा तिचा सुका गं
हाक मारून दमला योसेफ, सारा गाव मुका गं

आणि हे रडतरडत नाय. झपाझप. जात्यावर बसलेल्या बायका एकमेकींना टोमणे मारतात त्या लयीत. दार उघडत नाय का, बघतेच कशी उघडत नाय, असं. तिसऱ्यांदा 'सारा गाव मुका गं' झालं आणि आतून कडी वाजली.

"कोण हाय ती भवानी?" आबा ओरडतच बाहेर आला. "म्हाताऱ्याला गप पडू देत नाय व्हय!"

बायको म्हणाली, "आबा, चहा पुढल्या साली दुप्पट घेऊ. आज नुसतं उभं राहू द्या."

"उभं ऱ्हायाला काय पाणी लागतंय? ऱ्हा की उभं!" असं म्हणून तो तिथंच दारात बसला आणि पागोट्याच्या टोकानं तोंड पुसत राहिला. आम्ही चार गाणी म्हटली. त्या साली पुढच्या सगळ्या घरी पहिलं गाणं तेच झालं आणि एकही दार बंद राहिलं नाय.

घरी आल्यावर मी तिला बोललो. बाईमाणसानं पुढं होऊन असं ओरडतात का, म्हणालो. ती भाकरी थापत म्हणाली, "तुमची ढोलकी गप होती. मग मला तोंड उघडायला लागलं." मी ताट ओढलं आणि जेवलो.

नंतर कंपन्या आल्या तसे आम्ही शहरात आलो. मी आधी हमाली केली, मग एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून बावीस वर्षं. आम्ही जागा घेतली तेव्हा चारी बाजूंनी बाजरी होती. आता बाजरी बघायची तर फुलंब्रीच्या पुढं जावं लागतं. शहराचं नाव बदललं, रस्ते चौपट झाले, दहा-दहा मजले उठले. पाणी मात्र तेच, बहात्तरसारखं. तेव्हा विहिरीत उतरावं लागायचं, आता नळाकडं बघत बसावं लागतं. एवढाच फरक. पाण्याची पाळी बायको सांभाळायची. कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुली मारायची, पुढच्या पाळीला गोल करायची, आणि त्या दिवशी कुणाचं लग्न असो का मयत, घर सोडायची नाय.

ती गेल्यावर कॅलेंडर मे महिन्यावरच राहिलं. मी पान उलटलं नाय. वरच्या मजल्यावर आमची भाडेकरू राहते, शाळेत शिकवते. आमच्याच मंडळीतली, महिला मंडळात असते. मी तिला मास्तरीणबाई म्हणतो. तीच पाणी आलं की जिन्यावरून ओरडायची, "काका, नळ!" मग मी उठायचो. एवढ्यावर माझं चाललं होतं.

तर गेल्या डिसेंबरात, उपासना झाल्यावर सेक्रेटरीनं कॅरल पार्टीच्या घरांची यादी वाचली. माझं घर नाय. मला वाटलं माझ्या कानाचा दोष. परत वाचायला लावली. नाय.

"माझं घर कुठं गेलं?"

"काका, तुमच्याकडं या वर्षी दुःख आहे ना. वर्ष झालं नाय अजून. म्हणून..."

"दुःख माझ्याकडं आहे. मग यायचं कुणाकडं? ज्याच्याकडं पार्टी चाललीय त्याच्याकडं?"

"तशी रीत आहे, काका."

रीत मला शिकवतो. त्याच्या बापाला मी ढोलकी धरायला शिकवली. मी तिथंच चपला हातात घेऊन बोललो, म्हणजे लई बोललो. पाळकसाहेब मधे पडले. शेवटी ठरलं, नाताळाच्या आधीच्या रविवारी, दुपारी चार वाजता, दहा मिनिटं.

"आणि गाणं?" मी विचारलं.

"कुठलं?"

"कुठलं काय? तुमच्या काकूंचं."

सेक्रेटरी डोकं खाजवत म्हणाला, "काका, त्याचा ट्रॅक नाय आपल्याकडं."

ट्रॅक म्हणजे मोबाइलमधली तयार वाजवणूक. माणसं नुसती त्याच्यावर तोंड हलवतात. मी म्हणालो, ट्रॅक मी आणतो. गुरुवारी सरावाला ढोलकी घेऊन येतो, अर्ध्या तासात बसवून देतो.

गुरुवारी निघालो तर जिन्यात मास्तरीणबाई भेटली. "काका, आज पाण्याची पाळी आहे. चावी देऊन जा, तुमचा पिंप मी भरून ठेवते."

आता या बाईचं काय चुकलं होतं? काय नाय. पण माझ्या डोक्यात यादी होती, बर्फ होता, आणि आपल्या घरचा पिंप दुसऱ्या बाईनं भरायचा हे माझ्या मनाला कसंतरी झालं. मी म्हणालो, "माझ्या घरचं पाणी मी भरीन. तुम्ही तुमचं बघा."

ती बिचारी वर गेली.

सरावाला गेलो. पोरं कीबोर्डभोवती उभी. 'काका बसा, काका दोन मिनिटं, काका हे एक झालं की तुमचं.' मी ढोलकी मांडीवर घेऊन चारपासून सातपर्यंत बसलो. त्यांचं बर्फाचं गाणं सात वेळा झालं. शेवटी नाताळाच्या माळा लावायला लाइटवाला आला आणि सगळे उठले. सेक्रेटरी म्हणाला, "सॉरी काका, तुमचं रविवारी डायरेक्टच घेऊ." डायरेक्ट कसं घेणार? कुणाला येत होतं ते?

घरी आलो. नळ उघडला, फुस्स केलं आणि बंद. पाणी येऊन गेलं होतं. पिंपाच्या तळाला हातभर गढूळ, आणि प्यायची एक कळशी. शहरात आल्यापासून तिनं एक पाळी चुकवली नाय. मी गाण्यासाठी भांडायला गेलो आणि चुकवली.

रविवार उजाडला तेव्हा कळशीत दोन तांबे राहिले होते. टोळीत तीस माणसं. केक आणला होता, चिवडा आणला होता, साखर, पत्ती, दूध, सगळं होतं. जारवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "चाचा, आज शादियोंका दिन है, सगळे जार हॉलवर गेले. कल देखेंगे." दुसरा उचलेच ना. वर जाऊन दोन बादल्या मागितल्या असत्या तर मास्तरीणबाईनं चार दिल्या असत्या. जिन्याच्या तीन पायऱ्या चढलोही. मग माझंच वाक्य आठवलं, तुम्ही तुमचं बघा. खाली उतरलो.

पावणेचारला मी दार लावलं. बाहेरच्या चपला आत घेतल्या. पंखा बंद केला, टीव्ही तर उन्हाळ्यापासून बंदच होता. खुर्चीत बसलो. ज्या टोळीला घरी आणायला मी देवळात भांडलो, तिच्यासाठी मी दार लावून, श्वास धरून बसलो होतो. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पाणी नाय. पण कुणी विचारू नये म्हणूनच तर दार लावलं होतं.

चारला स्पीकरचा आवाज आला. बर्फ पडून गेला. दार वाजलं. परत वाजलं.

सेक्रेटरीचा आवाज, "काका झोपले असतील. चला पुढं, आधीच लेट झालंय."

चला पुढं. मी खुर्चीत आणखी खाली सरकलो.

मग मास्तरीणबाईचा आवाज. "झोपले नायत. गुरुवारी पाणी चुकलं त्यांचं. चहाला पाणी नाय म्हणून आत बसलेत. माझ्याकडं मागितलं नाय, ताठ माणूस."

कुणीतरी खोकलं. मास्तरीणबाई कीबोर्डवाल्याला म्हणाली, तू थांब. आणि मग बायकांनी सुरू केलं.

चहा नको, पाणी नको...

मी कान टवकारले. शब्द न शब्द तोच. दुसरं कडवंसुद्धा. मला वाटलं होतं हे गाणं आता जगात माझ्या एकट्याच्या डोक्यात आहे आणि माझ्याबरोबर मातीत जाणार. आणि या सात-आठ जणी बाहेर उभ्या राहून म्हणत होत्या.

पण कसं म्हणत होत्या! लांब. ओढून ओढून. एकेक शब्दाला हुंदका. दुःखाचं घर ना, म्हणून हळू. 'सुकाऽऽ गं' आणि 'मुकाऽऽ गं'. मरियेला त्या चालीनं बेथलेहेमला पोचायला दोन महिने लागले असते. मी एक कडवं ऐकलं. दुसरं ऐकलं. परत पहिलं सुरू झालं तेव्हा मला राहवेना. उठलो, कडी काढली आणि दार उघडलं.

"मयतीला आलात काय?" मी ओरडलो. "हे काय दफनाचं गाणं आहे? दार उघडायचं गाणं आहे ते! असं म्हटल्यावर उघडं दारसुद्धा लोक लावून घेतील!"

तीस माणसं लाल टोप्यांत माझ्याकडं बघत राहिली. सेक्रेटरीच्या हातातली यादी खाली पडली.

मास्तरीणबाई म्हणाली, "उघडलं की पण तुम्ही."

यावर काही जणी तोंडाला पदर लावून हसल्या. मला आणखी राग आला.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"काकूंनी. दर नाताळाला करंज्या लाटताना म्हणायचो आम्ही. तुम्हाला सांगू नका म्हणायच्या."

"का?"

"म्हणायच्या, त्यांना कळलं तर ढोलकी घेऊन येतील आणि चाल दुरुस्त करत बसतील. करंज्या व्हायच्या नाहीत."

मी आत गेलो. ढोलकी खुंटीवरून काढली. गुरुवारपासून हात लावला नव्हता. दोरी ओढली, कडी सरकवली, थाप मारली तर आवाज बसका. म्हटलं चालंल, माझाही बसलाय. उंबऱ्यावर, जिथं ती उभी राहायची तिथं न बसता, एका बाजूला बसलो. तेवढी जागा सोडली. आणि लय दिली. झपाझप. पहिल्यांदा बायका मागं पडल्या. दुसऱ्यांदा दोघींनी गाठलं. तिसऱ्यांदा टाळ्या बसल्या आणि मास्तरीणबाईनं आवाज उचलला. शाळेत शिकवणाऱ्या बाईचा आवाज असतोच तसा. कीबोर्डवाला पोरगा कीबोर्ड बगलेत धरून नुसता मान हलवत होता. तिची चाल पूर्ण आली असं मी म्हणणार नाय. बारा आणे आली.

चहा नाय झाला. केक उभ्या उभ्या खाल्ला. दोन तांबे पाणी होतं ते प्रार्थनेनंतर म्हाताऱ्या बायकांना घोट घोट दिलं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं, तेव्हा मी ढोलकीची दोरी बघत होतो, ती कुठं उसवलीय का ते.

सेक्रेटरी घड्याळ बघून म्हणाला, "काका, पुढं अजून पाच घरं आहेत."

"मग उभा काय राहिलास? चल."

"तुम्ही येता?"

"तुम्ही एकटे गेलात तर परत रडतरडत म्हणाल. चला."

ढोलकी गळ्यात अडकवली आणि निघालो. गल्लीच्या टोकाला गेल्यावर मास्तरीणबाई म्हणाली, "काका, तुमचं दार उघडंच राहिलं!"

मी म्हणालो, राहू द्या. आत चोरायला पाणीसुद्धा नाय.